शनिवारची भूमिती

परवा फोनवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत की, आजी, आत्या आणि काका वेगळे राहायला लागले म्हणून तुमची आतेबहीण नववीत नापास होणार होती, हे खरं का. तुमच्या बाबांना मी तसं कळवलं होतं, त्यामुळे ते तुमच्या कानावर आलं असणार. मी लिहिलेलं वाक्य मला आठवतं: ‘घरच्या परिस्थितीचा तिच्या अभ्यासावर परिणाम झाला आहे.’ वाक्य खोटं नव्हतं. पण ते लिहिताना माझ्या मनात जे होतं ते चुकीचं होतं, आणि त्या चुकीतला बराच भाग माझाच होता. हे सगळं फोनवर सांगणं होत नाही. तुमच्याकडे शाळेची बस दारात आलेली असते आणि माझ्याकडे दिवेलागण झालेली असते. म्हणून लिहून पाठवते.

आत्या तिला घेऊन चौलला माझ्याकडे राहायला आली ती एप्रिलमध्ये, आठवीची परीक्षा संपल्यावर. कोर्टात जायचं नाही, आधी वर्षभर वेगळं राहून पाहायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. अलिबागचं भाड्याचं घर सोडलं. काका पालीजवळच्या आपल्या गावी आईकडे परत गेले. त्यांचा कारखाना तिकडेच आहे, त्यामुळे त्यांचा रोजचा फेरा उलट वाचला. आत्याची नोकरी अलिबागला. ती चौलहून एसटीने जाऊ-येऊ लागली. आणि तुमच्या आतेबहिणीचं नाव आम्ही इथल्या शाळेत नववीला घातलं. आमच्या वाडीपासून ती शाळा चालत दहा मिनिटांवर आहे.

राहिला प्रश्न तिने वडलांकडे कधी जायचं याचा. त्या दिवसांत आत्या आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते. दोघंही माझ्याशी बोलत होते. मग मी तो प्रश्न माझ्या पद्धतीने सोडवायला घेतला.

तुम्हाला माहीत आहे की मी मुंबईच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. तुम्हाला कदाचित हे माहीत नसेल की शेवटची अठरा वर्षं सगळ्या शाळेचं वेळापत्रकही मीच करत असे. एका शिक्षकाचे दोन वर्गांत एकाच वेळी तास येऊ नयेत, प्रयोगशाळा एकाच वर्गाला मिळावी, शेवटच्या तासाला कोणाला रोज गणित येऊ नये. मे महिन्याच्या सुटीत मोठा कागद पसरून मी ते जुळवत असे आणि जून उजाडल्यावर कोणाची तक्रार आली नाही की मला फार बरं वाटे.

तसाच कागद मी या वेळीही पसरला. काकांच्या कारखान्याची साप्ताहिक सुटी शनिवारी असते, रविवारी नाही. म्हणून एक आड एक शुक्रवार त्यांचा. शाळा सुटली की मी तिला एसटीने अलिबागला न्यायचं, स्टँडवर काका मोटरसायकल घेऊन येणार, तिला गावी नेणार, आणि शनिवारी संध्याकाळी तिथेच आणून सोडणार. त्यांचे दिवस मी हिरव्या पेन्सिलने रंगवले, आत्याचे तपकिरी. तीन प्रती केल्या. खाली सूचना लिहिल्या. पहिली, वेळ पाळावी. दुसरी, मुलीच्या हाती निरोप पाठवू नयेत. तिसरी, काकांनी चौलच्या घरी येऊ नये.

शनिवारची सकाळची शाळा यात बुडणार, हे मला ठाऊक होतं. त्याचा मी विचार केला आणि ते चालेल असं ठरवलं. कारण मी वेळापत्रक करत असताना शनिवारी कवायत, चित्रकला, कार्यानुभव असे तास घालत असे. मुलं अर्धा दिवस येतात, त्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं, त्या दिवशी महत्त्वाचा विषय ठेवायचाच नाही, हा माझा नियम होता. शनिवारी काही बुडलं तर बिघडत नाही हे मला इतकं पक्कं माहीत होतं, की इथल्या शाळेत जाऊन मी विचारलंही नाही.

त्याऐवजी मी रजेच्या चिठ्ठ्या लिहिल्या. जूनपासून सहामाही परीक्षेपर्यंतच्या नऊ शनिवारांच्या नऊ चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे लावून, एका पाकिटात घालून, शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात वर्गशिक्षिकेच्या हातात दिल्या. इंग्रजीत लिहिल्या होत्या. सवयीने.

सहामाहीचा निकाल दिवाळीच्या सुटीनंतर लागला. भूमितीत चाळीसपैकी सहा. बीजगणितात जेमतेम, म्हणजे एकूण गणितात नापास. इंग्रजी ऐंशीच्या पुढे असायचं ते अडुसष्ट. इतिहासही खाली आलेला. मुख्याध्यापकांनी मला आणि आत्याला बोलावलं. आत्याला रजा मिळाली नाही, मी एकटी गेले.

“मॅडम, तुम्ही आमच्याच क्षेत्रातल्या, म्हणून स्पष्ट बोलतो,” ते म्हणाले. “आमच्या दहावीच्या निकालाकडे संस्थेचं बारीक लक्ष असतं. वार्षिकला गणित निघालं नाही तर तिला पुन्हा नववीत बसवावं लागेल. नाहीतर तुम्ही सतरा नंबरचा फॉर्म भरा.”

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळा सोडून, बाहेरून दहावीला बसायचं. ज्यांना शाळा सोडून कामाला लागावं लागलं त्यांच्यासाठी ती सोय आहे, आणि चांगली सोय आहे. पण चौदा वर्षांच्या मुलीने वर्षभर घरात बसून एकटीने दहावी करायची, तीही अशा वेळी, हे मला पटेना.

“तिचा दोष नाही हो,” मुख्याध्यापक पुढे म्हणाले. “घरात असं झालं की मुलांचं मन उडतं. आम्ही बघतो ना नेहमी.”

मी मान हलवली. मलाही तसंच वाटत होतं. ती बाहेर सूचनाफलकासमोर उभी होती आणि दार उघडं होतं, हे मला निघताना दिसलं.

मग मी उपायांना लागले. मोबाइल काढून घेतला. पहाटे पाचचा अभ्यास लावला, रोज भिजवलेले बदाम सुरू केले. अलिबागला एका समुपदेशक बाईंकडे तिला तीनदा नेलं. बाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, मुलगी आतून शांत आहे, जरा जास्तच शांत आहे. शेजारच्या काकूंनी, ज्यांच्या विहिरीचं पाणी आपल्या वाडीला येतं त्यांनी, मला कुंपणापाशी गाठलं.

“नापास झाली व्हय नात?”

“वार्षिक अजून व्हायची आहे.”

“व्हायचीच. आई एकीकडं, बाप दुसरीकडं. पोरीच्या डोक्यात अभ्यास राहणार कुठनं?”

मला राग आला. पण राग येण्याचं कारण हेच, की मी स्वतः त्याहून वेगळं काही म्हणत नव्हते. मी फक्त ते शुद्ध भाषेत तुमच्या बाबांना लिहून पाठवलं होतं.

डिसेंबरात एका दुपारी मी तिची भूमितीची वही घेऊन ओटीवर बसले. गणित हा माझा विषय नाही, पण वही कशी ठेवली आहे यावरून मला मुलाचं बरंच कळतं. मला वाटलं होतं वही गचाळ असेल. वही नीट होती. अक्षर सुबक, आकृत्या टोकदार पेन्सिलने काढलेल्या. फक्त मध्ये मध्ये दोन दोन पानं कोरी. प्रत्येक कोऱ्या जागेवर वर तारीख लिहिलेली, पट्टीने समास आखलेला, आणि खाली काही नाही.

मी तारखा वाचत गेले. चौथ्या तारखेपाशी मला कळलं की मी हे आधी वाचलेलं आहे. त्या तारखा मी स्वतः, माझ्या अक्षरात, रजेच्या चिठ्ठ्यांवर लिहिल्या होत्या.

ती शाळेतून आली, तिने हातपाय धुतले, आणि मी वही तिच्यापुढे ठेवली.

“हे काय?”

“राहिलेलं.”

“शनिवारी भूमिती असते?”

“जोडतास. सर आठवडाभर दुसऱ्या शाळेत असतात. आमच्याकडे फक्त बुधवारी आणि शनिवारी येतात. शनिवारी प्रमेय शिकवतात आणि बुधवारी त्याच्यावरची उदाहरणं घेतात.”

म्हणजे एक आड एक शनिवार बुडाला की पुढचा बुधवारही फुकट. अर्धं वर्ष तिने अर्धी भूमिती ऐकलीच नव्हती.

“मैत्रिणींकडून उतरवून का घेतलं नाहीस?”

“त्या विचारतात ना, तू कुठे जातेस म्हणून. मी सांगितलं दातांच्या डॉक्टरकडे. तार लावायची आहे.” तिने ओठ वर करून मला दात दाखवले. “आता त्या म्हणतात, सहा महिने झाले, तार कुठाय?”

मला हसू आलं आणि ते दाबावं लागलं.

“अगं, पण मला का नाही सांगितलंस?”

“तू शुक्रवार खोडला असतास.”

“दुसरा वार दिला असता.”

“कुठला?” ती आत गेली, स्वयंपाकघरात लावलेला माझा कागद काढून घेऊन आली. “बाबांना शनिवारचीच सुटी. शाळा सुटल्यावर निघाले तर गावी पोचायला दोन वाजतात. पाचला परत निघायचं. म्हणजे नुसतं मोटरसायकलवर बसायचं. मी सगळं लावून बघितलं आजी. यात जागाच नाही.”

तिने खरोखर लावून पाहिलं होतं. कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीच्या पुसट खुणा होत्या, चौकोन आखून पुसलेले. माझ्याच पद्धतीने.

“नापास झालीस तर?”

“गणित परत देता येतं. माझ्या वर्गातल्या एकीच्या भावाने दोनदा दिलं.” मग म्हणाली, “बाबा शुक्रवारी हाफ डे टाकून निघतात. पगार कापला जातो त्यांचा. त्यांना सांगू नकोस.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले आणि वर्गशिक्षिकेला विचारलं की मला कोणी सांगितलं का नाही. बाई तरुण आहेत. त्या उभ्या राहिल्या, जणू मी तपासणीला आले होते.

“तुमची चिठ्ठी होती ना मॅडम. इंग्रजीत. आम्हाला वाटलं, तुम्ही सगळा विचार करूनच दिली असणार. आणि घरचा विषय... आपण कसं विचारायचं?”

खरंच होतं. मीच अशा सुरात लिहिलं होतं की कोणी विचारू नये.

संध्याकाळी आत्या अलिबागहून आली. चहा पिता पिता मी तिला सगळं सांगितलं. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, “त्यालाच इकडे येऊ दे की. शुक्रवारी संध्याकाळी येईल, सकाळी तिला शाळेत सोडेल, शाळा सुटल्यावर संध्याकाळपर्यंत राहील.”

“तू म्हणाली होतीस ना, तोंड बघायचं नाही?”

“ते एप्रिलमध्ये. आणि म्हणाले होते, लिहिलं नव्हतं. ‘चौलच्या घरी येऊ नये’ हे कागदावर तू लिहिलंस, आई.”

मी म्हटलं, तुमची भांडणं पोरीसमोर होऊ नयेत म्हणून लिहिलं.

“खरंच?” ती म्हणाली.

तुम्हाला खरं तेच सांगते. भांडणाचं कारण मी नंतर शोधलं. वेगळा राहणारा जावई आपल्या ओटीवर मुक्कामाला आला तर आळीत काय बोलतील, हे मला आधी सुचलं होतं. इतकी वर्षं मुंबईत शिकवून, इतकी इंग्रजी पुस्तकं वाचून, मला काळजी होती ती कुंपणापलीकडच्या काकूंची. आत्या एवढंच म्हणाली, “तुला आळीची काळजी आहे, मला गणिताची,” आणि कपबशा विसळायला उठली.

मीच काकांना फोन केला. शनिवारच्या भूमितीचं सांगितलं. पगाराचं बोलले नाही. 

“मला ती काही बोलली नाही, आई,” ते म्हणाले. “मी दर वेळी विचारायचो, शाळा ठीक ना? ती म्हणायची, हो.”

“मलाही तेच म्हणायची.”

“मी येतो. ओटीवर झोपेन. जेवणाचं काही करू नका.”

“जेवणाचं काय करायचं ते मी बघीन. साडेसातला पानं घेतो आम्ही. उशीर करू नका.”

जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी ते आले. हातात वालाच्या शेंगांची पिशवी, त्यांच्या आईने दिलेली. दारात चप्पल काढताना ते इतके बेतात उभे राहिले की जणू उंबरठ्याला धक्का लागेल. आत्याने वाढलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जेवली. पोर दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात बसून जेवली. कोणी तिला तिथून उठवलं नाही.

सकाळी सात वाजता ते तिला शाळेत सोडून आले. मग चार तास करायचं काय? पंपाचा पट्टा सैल झाला होता तो त्यांनी बसवला, पडलेल्या झावळ्या ओढून एका बाजूला रचल्या. कुंपणापलीकडून सगळं बघून झाल्यावर काकूंनी मला विचारलंच.

“जावई परत आले वाटतं?”

“शुक्रवारी येतात, शनिवारी जातात.”

“मग हे वेगळं राहणं कसलं?”

“हेच,” मी म्हटलं. मग आम्ही नारळाच्या भावाबद्दल बोललो.

शाळा सुटल्यावर दुपारी ती वही उघडून बसे आणि काका तिच्यासमोर. काका आयटीआय झालेले. प्रमेयांशी त्यांचा संबंध कधीच तुटलेला. पण त्यांनी एक धरून ठेवलं. ती शिकलेलं त्यांना समजावू लागली की प्रत्येक ओळीला ते एकच विचारत: “कशावरून?”

“कशावरून म्हणजे? दिसतंय ना!”

“मला नाही दिसत.”

“बाबा, हे दोन कोन सारखे आहेत.”

“कशावरून?”

ती चिडे, पुस्तक उघडे, कारण शोधून मोठ्याने वाचून दाखवी. भूमितीत मार्क त्या कारणांनाच असतात, हे मला तेव्हा कळलं. मागची कोरी पानं तिने मैत्रिणींच्या वह्यांवरून भरली. त्यासाठी तिला तारेची गोष्ट मागे घ्यावी लागली. काय सांगितलंस, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, “खरं सांगितलं. त्यातल्या एकीचे बाबा पण वेगळेच राहतात. दुबईला. ती म्हणाली, त्यात काय?”

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. काकांच्या आईला आता नात पूर्वीसारखी महिन्यातून दोनदा दिसत नाही, आणि त्या दर वेळी फोनवर मला ते ऐकवतात. सुटीत पाठवते, असं मी त्यांना सांगते. ते त्यांना पुरत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. फेब्रुवारीत एका शनिवारी आत्या आणि काका अंगणात एकमेकांना टाकून बोलले, आणि पोर वही मिटून विहिरीकडे जाऊन बसली. शनिवारी संध्याकाळी काकांची मोटरसायकल वळणाआड गेली की तिचं जेवणात लक्ष नसतं. दोघं पुन्हा एकत्र राहतील अशी आशा तुम्ही धरू नका. मी धरलेली नाही.

वार्षिक परीक्षेत भूमितीत चाळीसपैकी एकवीस मिळाले. गणित निघालं. ती आपल्या वर्गाबरोबर दहावीत गेली. मुख्याध्यापक मला म्हणाले, “बघा, सावरली की नाही मुलगी!” मी त्यांना सांगितलं की सावरायला ती कोसळलेली नव्हती, ती गैरहजर होती, आणि चिठ्ठ्या माझ्या होत्या. ते हसले. त्यांना तो माझा विनय वाटला.

पण इंग्रजीचे मार्क अडुसष्टचे एकाहत्तर झाले, त्यापुढे गेले नाहीत. माझा विषय, माझ्या घरात राहून, आणि शनिवारी इंग्रजी नसल्याने एकही तास न बुडवता. त्याचं कारण मला कुठल्याही वहीत सापडलेलं नाही. तेव्हा तुम्ही विचारलंत ते अगदीच खोटं आहे, असंही मी म्हणणार नाही. आईवडील वेगळे झाल्याचा परिणाम होतोच. पण त्यातला जो भाग आम्हाला दुरुस्त करता येण्यासारखा होता, तोही आम्ही तिच्या मनावर ढकलला आणि पोरीला बदाम खायला दिले.

निकालाच्या दिवशी ती घरी आली, गुणपत्रक माझ्यापुढे ठेवलं आणि मोबाइल मागितला. आत्या ऑफिसात होती, काका कारखान्यात. तिने दोघांना एकाच कॉलवर घेतलं आणि मला ऐकू येईल असा फोन टेबलावर ठेवला. दोघं एकदमच “काय झालं?” म्हणाले आणि एकदमच थांबले.

“तू बोल,” आत्या म्हणाली.

“नको, तू बोल,” काका म्हणाले.

“कोणीच बोलू नका,” ती म्हणाली. “मी पास झाले. भूमितीत एकवीस. बास.”

पलीकडे कारखान्याचा आवाज येत होता. काका काहीतरी म्हणाले ते त्यात ऐकू आलं नाही. आत्या म्हणाली, “तो म्हणतोय, कशावरून?” आणि मग हसावं की नाही हे न कळून तीही थांबली. पोरीने गुणपत्रकाचा फोटो काढून दोघांना पाठवला, फोन ठेवला, आणि एका मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीकडून दहावीचं भूमितीचं पुस्तक आणायला गेली.